वसंतात सह्याद्री चढताना दिसणारी रानफुले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सह्याद्रीच्या डोंगरवाटांवर आणि गडांवर फिरणाऱ्यांसाठी आहे. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण लागत नाही. शाळेतले पाकळी, पुंकेसर, देठ हे शब्द आठवले तरी पुरे.

फुलांचा हंगाम तर पावसाळ्यानंतरचा. मग वसंतात सह्याद्रीत काय दिसणार?

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा गवतातल्या आणि कातळावरच्या छोट्या फुलांचा हंगाम. कास पठार त्याच दिवसांत बहरते. फेब्रुवारीत तिथे गेलात तर वाळलेले गवत आणि तापलेला कातळ दिसेल. वसंतातली फुले झाडांवर, झुडपांवर आणि वेलींवर असतात. म्हणून या दिवसांत पायाखाली कमी आणि डोक्यावर जास्त पाहायचे.

बरीच झाडे पाने गाळून मोकळ्या फांद्यांवर फुलतात. पानांचा आडोसा नसल्याने पक्ष्यांना आणि मधमाश्यांना फुले लांबून दिसतात. शिवाय उन्हाळ्यात पिकलेल्या शेंगांमधले बी पावसाच्या तोंडावर जमिनीत पोचते.

कोणत्या महिन्यात काय फुलते?

फेब्रुवारीत काटेसावर, पळस, पांगारा, धायटी, फांगळा आणि माधवीलता. मार्चमध्ये पळस ओसरू लागतो. सोनसावर, वायवर्णा, वारस, उक्षी, करवंद, अंजनी, कुंभा आणि मोह जोरात येतात. एप्रिलमध्ये कुडा, कुसर आणि बहावा. ताम्हण, म्हणजे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, एप्रिलच्या शेवटी कोकणातल्या ओढ्याकाठी जांभळे होऊ लागते.

ही यादी घट्ट धरू नका. एकाच जातीची दोन झाडे पाच-पंधरा दिवसांच्या फरकाने फुलू शकतात. कोकणाच्या बाजूचा पायथा, घाटमाथा आणि पूर्वेकडचा कोरडा उतार यांत तर हा फरक सहज पडतो. एखादे झाड आठवडाभर आधी पाहिले होते आणि आता त्यावर एकही फूल नाही, यात काही वावगे नाही. अशा वेळी खाली पडलेल्या पाकळ्या शोधा.

झाडावर एकही पान नाही आणि फुले पंचवीस फूट वर आहेत. ओळखायचे कशावरून?

आधी जमिनीकडे बघा. या हंगामात पडलेले फूल हा सर्वांत चांगला पुरावा. ते हातात घेता येते, उलटे करता येते, उलगडून पाहता येते आणि त्यासाठी काही तोडावेही लागत नाही. क्रम असा ठेवा.

पडलेले ताजे फूल उचला आणि आधी मागून बघा. फुलाच्या बुडाशी असलेला हिरवा, तपकिरी किंवा मखमली पेला म्हणजे निदलपुंज. रंग उन्हाने उडतो, पाकळ्या कोमेजतात, पण पेल्याचा आकार बराच वेळ टिकतो. मग पाकळ्या मोजा आणि त्या सुट्या आहेत की बुडाशी जुळून नळी झाली आहे ते पाहा. त्यानंतर पुंकेसर: पाच-दहा आहेत की मोजता येणार नाहीत इतके, सुटे आहेत की जुडग्यात. शेवटी बुंधा: काटे आहेत का, साल गुळगुळीत आहे की बुचासारखी भेगाळ.

आता झाडाखालच्या वाळलेल्या पानांत आणि शेंगांत हात घाला. गेल्या वर्षीची शेंग सापडली तर अर्धे काम झालेच म्हणून समजा. मात्र शेजारच्या झाडाची पाने वाऱ्याने इकडे येतात. त्यामुळे एकट्यादुकट्या पानावर विसंबू नका, बुंध्याजवळ तेच पान ढिगाने आहे का ते पाहा.

पळस आणि पांगारा यांत नेहमी गोंधळ होतो. खात्रीची खूण कोणती?

दोन्ही लाल-नारिंगी, दोन्ही निष्पर्ण असताना फुलणारी आणि दोन्हींची पाने त्रिदल. त्यामुळे लांबून चूक होणे साहजिक आहे. जवळ गेल्यावर मात्र तीन गोष्टींनी निकाल लागतो.

पहिली, काटे. पांगाऱ्याच्या फांद्यांवर आणि कोवळ्या खोडावर छोटे टोकदार काटे असतात. पळसाला काटे नसतात.

दुसरी, फुलाची ठेवण. पळसाच्या फुलात खालच्या दोन पाकळ्या जुळून पोपटाच्या चोचीसारखा बाक तयार होतो आणि पुंकेसर त्या चोचीत झाकलेले राहतात. पांगाऱ्यात वरची एकच पाकळी मोठी असते, बाकीच्या आखूड, आणि पुंकेसरांचा जुडगा उघडाच बाहेर डोकावतो. पळसाचा पेला गडद, जवळजवळ काळपट आणि मखमली असतो. नारिंगी फुलामागे तो काळा ठिपका लांबूनही उठून दिसतो. पाकळ्यांच्या बाहेरच्या अंगाला चंदेरी लव असते. ती भिंगाशिवायही जाणवते.

तिसरी, शेंग. पळसाची शेंग चपटी असून तिच्या टोकाला एकच बी असते. पळसाच्या शास्त्रीय नावातल्या ‘मोनोस्पर्मा’ या शब्दाचा अर्थही एकबीजी असाच आहे. पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया असतात आणि दोन बियांच्या मध्ये ती आवळलेली दिसते.

पळसासारखीच फुले पण झाडाऐवजी दुसऱ्या झाडावर चढलेला जाड वेल असेल तर ती पळसवेल. आणि पिवळ्या फुलांचा पळस दिसला तर तो वेगळी जात नव्हे, पळसाचाच दुर्मिळ रंग.

‘सावर’ नावाची झाडे किती आणि त्यांतली कोणती खरी?

खरी-खोटी असे काही नाही, पण चार वेगवेगळ्या झाडांना हे नाव आहे आणि त्यांतले एक तर बाकी तिघांच्या कुळातलेही नाही.

काटेसावर सर्वांच्या ओळखीची. तळहाताएवढे लाल फूल, पाच जाड मांसल पाकळ्या, कातडी पेला आणि जुडग्यांत बांधलेले भरपूर पुंकेसर. खोडावर शंकूच्या आकाराचे जाड काटे. इथे एक फसगत होते. जुन्या झाडाच्या बुंध्यावरचे काटे झिजून जातात, त्यामुळे खालून बुंधा गुळगुळीत वाटतो. वरच्या फांद्या बघितल्याशिवाय ‘काटे नाहीत’ असे नोंदवू नये. काही झाडांची फुले नारिंगीकडे किंवा पिवळ्याकडे झुकतात, तरी ती काटेसावरच.

देवसावरीला काटे नसतात किंवा अगदी नावापुरते असतात, आणि फुलातले पुंकेसर काटेसावरीपेक्षा कितीतरी जास्त असतात. पडलेले फूल हातात धरले की दाढी करायचा ब्रश आठवतो.

पांढरी सावर बहुतेक ठिकाणी लावलेली असते. फुले लहान, दुधाळ रंगाची, आणि त्यांत फक्त पाच पुंकेसर.

सोनसावर, म्हणजेच गणेरी, ही या नावात पाहुणी. खडकाळ, कोरड्या उतारावर, जिथे बाकी काही धड वाढत नाही तिथे हे किरकोळ झाड हळदीपिवळ्या फुलांनी उजळून निघते. पाच पाकळ्या, टोकाशी खाचलेल्या, आणि मध्ये पिवळ्याच पुंकेसरांचा झुबका. तिच्या फुलात मध नसतो. मोठे भुंगे फुलाला मिठी मारून उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि त्या कंपाने परागकोषाच्या, म्हणजे पुंकेसराच्या टोकाच्या परागांच्या पिशवीच्या, छिद्रातून पराग बाहेर उडतात. सकाळी झाडाखाली दहा मिनिटे उभे राहिले तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो. इतर भुणभुणीपेक्षा तो वरच्या पट्टीतला आणि तुटक असतो. वसंतात सह्याद्रीत अनुभवावे असे जे थोडके आहे, त्यात याचा नंबर फार वर लागतो.

‘पळसाला पाने तीनच’ म्हणतात. मग तीन पाने दिसली की पळस म्हणावे का?

म्हण पळसाबद्दल खरी आहे, उलट दिशेने मात्र चालत नाही. पांगारा, वायवर्णा, बेल, सगळ्यांना तीनच. आणि खरे तर ती तीन पाने नसून एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका असतात.

पान आणि पर्णिका यांतला फरक ओळखायची सोपी युक्ती: देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात कळी किंवा डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो कधीच नसतो. डोळा सापडेपर्यंत देठावरून मागे मागे जायचे. सापडला की तिथून पुढचे सगळे मिळून एक पान.

वायवर्ण्याची फुले पळसापेक्षा अगदी निराळी. चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीला लांब देठ, पांढरी उमलून पिवळी पडणारी, आणि लांब जांभळट पुंकेसर बाहेर फाकलेले. एकाच झुपक्यात पांढरी आणि पिवळी दोन्ही फुले दिसतात ती याचमुळे.

आंब्याच्या झाडावर नारिंगी नळीसारखी फुले दिसली. हे कसे काय?

ते बांडगूळ. दुसऱ्या झाडाच्या फांदीत मूळ घुसवून वाढणारी ही अर्धपरोपजीवी वनस्पती हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत फुलते. फुले बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, नळीसारखी, टोकाशी फाकणारी. फुले ज्या फांदीवर आहेत तिची पाने आणि बाकी झाडाची पाने जुळवून पाहा. ती वेगळी असतील, आणि जोडाच्या जागी फांदी गाठीसारखी सुजलेली असेल. पक्षी याची चिकट फळे खातात आणि चोच फांदीवर घासून बी तिथेच चिकटवतात. लांबून काढलेल्या फोटोवरून नाव विचारताना ही गोष्ट फार वेळा निसटते.

पांढऱ्या फुलांत सगळ्यांत जास्त घोळ होतो. वेगळी कशी करायची?

घोळ होतो हे खरे, कारण पाच पांढऱ्या पाकळ्या आणि सुगंध एवढे वर्णन पाच-सहा जातींना लागू पडते. इथे फुलाआधी चीक आणि काटा पाहायचा. चीक पाहण्यासाठी पान मोडू नका, वाटेत आधीच मोडलेली फांदी किंवा गळलेल्या पानाची ताजी जागा पुरते.

काटे आणि पांढरा चीक दोन्ही: करवंद. जाळी कमरेएवढी, पाने समोरासमोर, चिवट आणि चकचकीत.

चीक आहे, काटे नाहीत, छोटे झाड आहे: कुडा. आता कोणता कुडा? फुलाच्या तोंडाशी झालरीसारखे तंतू असतील तर काळा कुडा. तोंड साधे, पुंकेसर नळीत लपलेले, तर पांढरा कुडा. शेंगांनीही कळते. दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या जोडशेंगा पिकेपर्यंत टोकाशी एकमेकींना चिकटून असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या राहतात. मार्चमध्येच फुललेला कुडा बहुधा काळा निघतो. पांढरा साधारणतः एप्रिलपासून सुरू होतो.

चीक नाही, काटे नाहीत, वेल आहे, पाने साधी आणि समोरासमोर, पाकळ्या पाचापेक्षा जास्त: कुसर. हा जाई-मोगऱ्याचा रानातला भाऊबंद. वास इतका ओळखीचा की बहुतेकांना नाकानेच कळतो.

दांडगा वेल, पाकळ्यांच्या कडा झालरीदार आणि पाचांपैकी एका पाकळीवर पिवळा डाग: माधवीलता, म्हणजे हळदवेल. दहा पुंकेसरांपैकी एक इतरांपेक्षा बराच लांब असतो. फळाला तीन पंख येतात आणि ते भिरभिरत खाली उतरते.

मोठे झाड, चारच पाकळ्या, मध्ये पांढऱ्या-गुलाबी पुंकेसरांचा मोठा गोंडा आणि नकोसा वाटणारा वास: कुंभा. फुले रात्री उमलतात आणि सकाळी गळू लागतात. उशिरा निघालात तर झाडाखाली फक्त गोंड्यांचा सडा सापडतो.

झुडपांमध्ये काय पाहावे?

धायटी सर्वांत आधी. वाटेच्या दोन्ही बाजूंना, दरडीवर, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्यांवर ओळीने लागलेल्या लाल नळ्या. गंमत अशी की दिसणारा लाल भाग पाकळ्यांचा नसतो. तो पेलाच असतो. खऱ्या पाकळ्या इतक्या बारीक की भिंगाशिवाय सापडत नाहीत. नळीतून बाहेर आलेले बारा पुंकेसर मोजता येतात. पानाच्या पाठीवर काळे ठिपके असतात. आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे आंबवायला हीच फुले वापरतात.

फांगळा सावलीतला. गर्द झाडीत, पांढऱ्या-जांभळट फुलांच्या कणसांसारखा. खोड चौकोनी आहे का ते बोटांत फिरवून पाहा. पुंकेसरांच्या दांड्यांवर जांभळी लव असते. दहापट भिंगातून ती पाहण्यासारखी आहे. पाने चुरगळली की उग्र वास येतो.

उक्षी कोकणाच्या बाजूला जास्त. वेलीसारखे पसरणारे झुडूप, फिकट हिरवट फुलांनी झाकलेले. फुलाला पाकळ्याच नाहीत. पाच निदले, म्हणजे पेल्याचे भाग, फळाबरोबर वाढून कागदी पंख होतात, त्यामुळे एप्रिलमधले फळसुद्धा फुलासारखे दिसते आणि नोंद चुकते. देठाशी बारीक बी जाणवले तर ते फळ.

फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटले आहेत. हे कोणते झाड?

महाबळेश्वर, माथेरान किंवा भीमाशंकरच्या सदाहरित रानात असाल तर जवळजवळ नक्की अंजनी. फुले फांद्यांच्या टोकाशी न येता जुन्या, पाने गळून गेलेल्या फांद्यांच्या पेरांवर गुच्छाने येतात. एक फूल नखाएवढे, चार पाकळ्या, आठ पुंकेसर. पाने समोरासमोर, जाड, चकचकीत, शिरा जेमतेम दिसणाऱ्या. बहर दरवर्षी सारखा नसतो. एखाद्या वर्षी सबंध रान निळे होते, एखाद्या वर्षी शोधावे लागते. बहर थोडे दिवस टिकतो, म्हणून माहितगाराकडून फुलल्याचे कळले तर बेत पुढे ढकलू नये.

डोंगराच्या कडेने निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे तुरे दिसतात. रानफूल आहे का?

बहुतेक वेळा ते गिरीपुष्प असते. मूळ मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतले हे झाड इथे लागवडीतून पसरले. फुले वाटाण्याच्या फुलासारखी, जानेवारी ते मार्चमध्ये. दिसायला छान आहे, पण सह्याद्रीच्या वसंताच्या नोंदीत ते ‘लावलेले’ म्हणूनच लिहावे. घाणेरी, रानमोडी आणि पिवळा धोतरा हेही अमेरिकेतून आलेले. फार पसरले म्हणून ते इथले, असा समज होतो.

जमिनीवर मग काहीच नसते?

थोडे असते. कापणी झालेल्या भातखाचरांत गोरखमुंडीची जांभळट गोल बोंडे, खोडाला पंखासारख्या कडा. वाटेवर जमिनीला चिकटून भुईरिंगणी: जांभळे फूल, मध्ये पाच पिवळे परागकोष, पानांच्या दोन्ही बाजूंना पिवळे काटे. पडीक जागी पिवळा धोतरा: पिवळे फूल, काटेरी पान आणि पिवळाच चीक. याच्या बिया विषारी आहेत. मोहरीत मिसळल्या गेल्या तर तेलातून विषबाधा होते.

ऑर्किड दिसतात का?

बहुतेक आमरी, म्हणजे ऑर्किड, मे-जूननंतर फुलतात. सीतेची वेणी पावसाच्या तोंडाशी. पण एक छोटे पांढरे डेंड्रोबियम, बार्बाट्युलम, फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलते. झाडाच्या फांदीवर पाने नसलेल्या काड्यांचा जुडगा आणि त्याच्या टोकाला पांढरीशुभ्र फुले. फुले नसताना तो जुडगा वाळल्यासारखा दिसतो, म्हणून लोक सहज उपटून टाकतात. तो जिवंत असतो.

ओळख पटण्यासाठी फोटो कसे काढावेत?

एक सुंदर फोटो पुरत नाही, सात साधे फोटो पुरतात: संपूर्ण झाड आजूबाजूसह, बुंधा, फांदीवर पाने कशी लागली आहेत, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने किंवा मागून, आणि फळ किंवा शेंग. फुलाचा मागचा फोटो जवळजवळ सगळेच विसरतात आणि नाव अडते ते तिथेच. एका फोटोत तरी शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवा.

पळस, पांगारा, सावर यांचा लाल-नारिंगी रंग मोबाइलमध्ये फाटतो, म्हणजे पाकळीवरचा सगळा तपशील जाऊन सपाट लाल डाग उरतो. पडद्यावर फुलावर बोट ठेवून उजेड दोन-तीन घरे खाली ओढा. कॅमेऱ्यात उजेड कमी-जास्त करायची खूण (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ च्या आसपास ठेवा. उलट, आकाशाच्या पार्श्वभूमीवर फांदी असेल तर फुले काळी येतात, तेव्हा अधिक १ करा. वारा असेल तर फांदी हाताने धरण्यापेक्षा पडलेले फूल सावलीत दगडावर ठेवून काढा. उन्हापेक्षा सावलीत रंग खरा येतो.

मोबाइल अॅपने दिलेल्या नावावर विश्वास ठेवावा का?

सुरुवात म्हणून ठेवावा, शेवट म्हणून नाही. पानांशिवायच्या झाडाचा फोटो दिला की अॅप चुकण्याची शक्यता वाढते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना तारीख आणि जागा द्यायलाच हवी. तिथे किमान दोघांचे एकमत झाले आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोक त्या नावावर आले, की नोंद पक्की मानली जाते. स्वतःला खात्री नसताना कोणीतरी सुचवले म्हणून ‘सहमत’ दाबू नका. चुकीची नोंद अशीच पक्की होते. जाती कळत नसेल तर कुळापर्यंत किंवा नुसते ‘सपुष्प वनस्पती’ असे टाकले तरी चालते.

दुर्मिळ आमरी सापडली तर नोंदीत जागा झाकून ठेवा आणि फोटोखाली गडाचे, ओढ्याचे नाव लिहू नका. गोळा करणारेही तेच वाचतात.

सोबत काय घ्यावे?

दहापट भिंग, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, वही आणि शिसपेन्सिल (घामाने शाई पसरते). उंच झाडांसाठी ८ बाय ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण फार उपयोगी पडते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि फूल साधारण अडीच सेंटिमीटरवर आणायचे. हात लांब करून भिंग फुलावर धरले तर धूसर दिसते, आणि ‘भिंग खराब आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. माणशी किमान ३ लिटर पाणी. मार्चनंतर सकाळी अकराच्या आत चढ संपेल असे निघावे. पक्षीही सावर-पळसावर सकाळीच जास्त असतात.

एखादे फूल तोडले तर चालते का?

नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनस्पती तोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी, कर्नाळा असे ट्रेकर्सच्या आवडीचे बरेच डोंगर अभयारण्यांत येतात. इतरत्रही करवंदीचे फूल तोडले की एक करवंद कमी होते. पडलेले फूल पाहून झाले की तिथेच ठेवा. सावरीची आणि मोहाची पडलेली फुले हरणांसारख्या प्राण्यांचे उन्हाळ्यातले खाणे आहे. नाव पक्के नसलेले फूल तोंडात घालून पाहू नये.

या दिवसांत धोका कशाचा?

सर्वांत मोठा आग्या मोहोळाचा. काटेसावरीसारखी उंच झाडे आणि गडांचे कडे ही त्यांची आवडती जागा, म्हणजे फुले पाहायला तुम्ही जिथे थांबता नेमकी तीच. झाडाखाली थांबण्याआधी फांद्यांच्या खालच्या अंगाला काळसर, अर्धगोल पोळे लोंबते आहे का ते पाहा. अत्तर लावू नका, धूर करू नका, दगड मारू नका, जवळ ड्रोन उडवू नका. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोके आणि चेहरा झाकून सरळ लांब जा, कड्याच्या दिशेने पळू नका. डंख नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

दुसरी खाजकुइली. तिची फुले वसंताआधीच संपतात, पण या दिवसांत तपकिरी लवेच्या वाळलेल्या शेंगा वाटेवर लोंबत असतात. लव उडून अंगावर आली की भयंकर खाज सुटते. चोळले तर ती आणखी आत जाते. चिकटपट्टी लावून ओढा, मग साबणाने धुवा, कपडे बदला.

निवडुंगाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरकडे जा.

आणि वणवा. गवत वाळलेले असते, एक काडी पुरते. चूल पेटवू नका. धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर जागा नीट सांगून कळवा.

एवढे करूनही नाव कळले नाही तर?

जागा, तारीख, उंची आणि जवळची खूण वहीत लिहून ठेवा: ‘पाण्याच्या टाक्यापासून वीस पावलांवर, वाटेच्या डाव्या हाताला, बुंधा माणसाच्या मिठीएवढा’. मे महिन्यात त्याच झाडाकडे फळासाठी जा आणि जुलैत पानासाठी. वसंतातले निष्पर्ण झाड तीन फेऱ्यांत उलगडते. पहिल्या फेरीत काढलेल्या बुंध्याच्या फोटोवरून तेच झाड परत सापडते, म्हणून तो फोटो चुकवू नका.